लाटण्यावरचं माप

पौडच्या एसटी स्टँडसमोर कमरबी मुलाणीचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खण, त्यात पायाचं मशीन, कापड बेतायचा पाट आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेलं एक लाटणं. नवीन गिऱ्हाईक ते बघून हमखास विचारी, "चाची, हितं चपात्या बी करता का काय?"

"करते की. बस, तुजीच लाटते," असं म्हणून कमरबी काम पुढं चालू ठेवी.

लाटणं हातमोज्यांसाठी होतं. धरणाकडच्या वीजतारांवर काम करणाऱ्या वायरमन लोकांना जाड कॅनव्हासचे हातमोजे लागत. बाजारातले मोजे हातात घातले की छान दिसत, पण पक्कड धरली की तळव्याशी कापडाचा चोळामोळा व्हायचा आणि पक्कड निसटायची. कमरबीचा नवरा पीरमहंमद याने त्यावर तोड काढली होती. माप घेताना माणसाने लाटणं मुठीत घट्ट धरायचं. मग मुठीच्या वरच्या अंगाने एक माप आणि आतल्या अंगाने दुसरं. वरचं कापड लांब, आतलं आखूड. असा मोजा हात उघडा असताना जरा वाकडा दिसे, पण काम करताना कातडीसारखा बसे.

पीरमहंमदने बायकोला दुसरी एक गोष्ट शिकवली होती. तो मापं लिहून ठेवत नसे. दोन्ही हात टेपमध्ये गुंतलेले असताना पेन्सिल कोण धरणार? अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा पेरं. पहिल्या बोटाचं वरचं पेर म्हणजे उंची, मधलं म्हणजे छाती, खालचं म्हणजे कंबर. अशी बारा मापं बारा पेरांवर बसवलेली. माप घेतलं की अंगठा त्या पेरावर टेकवून आकडा मनात म्हणायचा. संध्याकाळी कापड बेतताना अंगठा पुन्हा त्या पेरावर नेला की आकडा आपोआप जिभेवर येई. नमाजानंतर पेरांवर तसबीह, म्हणजे जप, मोजायची सवय कमरबीला लहानपणापासून होतीच, त्यामुळे हे तिने चार दिवसांत उचललं.

सन १९७४ मध्ये पीरमहंमद वारला. चाळीस दिवस झाले आणि मोठे दीर अलाउद्दीन घरी आले. "मशीन विकून टाकू," ते म्हणाले. "बाईमाणसानं स्टँडसमोर बसायचं म्हंजी लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, कमरबी चांगली शिवती," ती म्हणाली. "मशीन माज्या पायाच्या सवयीचं हाय, भाईजान. तुमाला चालवायचं आसंल तर उद्यापासनं या. शिकवते."

अलाउद्दीन आले नाहीत. मशीन चालू राहिलं.

१९८७ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, पुण्याहून आलेल्या एसटीतून जया नावाची एक मुलगी उतरली आणि थेट दुकानात आली. वय पंचविशीचं, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला पिशवी. बावधनच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये एक संशोधन संस्था होती, तिथे ती इंजिनिअर होती. पिशवीतून तिने एक हातमोजा काढून पाटावर ठेवला. त्याच्या बोटांवरून रबरी नळ्या गेल्या होत्या आणि मनगटापाशी वायरींचा गुंता होता.

शेजारच्या खणात रंभाबाई अंडी आणि सुकट विकायची. ती डोकावली. "अगं बया! हातमोजाय का गोचीड लागलेला खेकडा?"

जया हसली आणि तिने नीट समजावून सांगितलं. नळीच्या एका टोकाला बारीक दिवा होता, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा भाग. बोट वाकलं की नळी वाकते, उजेड कमी पोचतो, आणि किती कमी पोचला यावरून संगणकाला बोट किती वाकलं ते कळतं. माणसाने डोक्यावर एक टोप घालायचा. टोपात डोळ्यांसमोर दोन चिमुकले टीव्ही. त्यात एक खोली दिसते, जी खरी नाही. हातमोजा घातलेला हात हलवला की त्या खोलीतला हात हलतो आणि तिथली वस्तू उचलतो. भट्टीपाशी किंवा विषारी रसायनापाशी काम करणाऱ्यांना आधी अशा खोट्या खोलीत सराव देता आला, तर खऱ्या ठिकाणी कुणी भाजणार नाही, असा संस्थेचा विचार होता.

"आणि अडलंय कुटं?" कमरबीने विचारलं.

"टाके उसवतात, मावशी. मूठ वळली की नळ्या सरकतात. पुण्यात चार टेलर झाले. धरणावरच्या एका वायरमनने तुमचं नाव सांगितलं."

कमरबीने मोजा उलटा केला, शिवण बघितली आणि विचारलं, "माप कसं घेतलं?"

"कागदावर हात ठेवून. भोवती पेन्सिल फिरवली."

"हात पसरून?"

"हो."

"पसरलेल्या हातानं माणूस एकच काम करतोय," कमरबी म्हणाली, "भीक मागतोय. बाकी समदी कामं वळलेल्या हाताची." तिने खिळ्यावरचं लाटणं काढून जयाच्या हातात दिलं. "धर घट्ट."

पंधरा दिवसांनी नवा मोजा तयार झाला आणि नळ्या सरकायच्या थांबल्या. तेव्हापासून कमरबी आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीने बावधनला जाऊ लागली. शेडमध्ये संस्थेचे संचालक होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. पन्नाशी उलटलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं दिल्लीला खेटे घालून त्यांनी ही शेड उभी केली होती, आणि काम दाखवलं नाही तर ती बंद होईल ही धास्ती त्यांच्या मानेवर बसलेली असे.

एकदा जयाने कमरबीला टोप घातला. तो इतका जड होता की छताला दोरी बांधून तोलावा लागे. "काय दिसतंय, मावशी?"

"हिरव्या दोऱ्यानं टाचलेली खोली," कमरबी म्हणाली. "मधी पेटी हाय. कच्चा टाका हाय समदा, पर खोली हाय खरी." मग तिने पेटी उचलायला मूठ वळली, तर पेटी उचलली जायच्या ऐवजी गरगर फिरू लागली. "ह्ये काय? मी धरती हाय आन् ती नाचतीय!"

खरी अडचण हीच होती. मोजा व्यवस्थित बसला तरी संगणकाला अर्धी वळलेली मूठ आणि पूर्ण वळलेली मूठ यांतला फरक धड कळत नव्हता. हाताला घाम आला की उजेडाचं गणित बदले. उचल, सोड, फिरव, पुढे ने, मागे घे, अशा बारा आज्ञा द्यायच्या होत्या आणि त्यांतल्या चारसुद्धा भरवशाने पोचत नव्हत्या. साहेब आणि जया दोन महिने त्याच्यावर डोकं फोडत होते.

जून महिन्यात एका दुपारी जया डबा खात कमरबीच्या शेजारी बसली होती. कमरबी कुणाच्या तरी ब्लाउजची मापं आठवत होती आणि तिचा अंगठा बोटांवरून झरझर फिरत होता. जयाचा घास हातातच राहिला.

"मावशी, हे काय करताय?"

"मापं बघतीय."

"कुठे बघताय?"

कमरबीने हात पुढे केला आणि बारा पेरं, बारा मापं सांगितली. जयाने आपल्या बोटांची पेरं मोजली आणि म्हणाली, "आमच्यापण बाराच आज्ञा आहेत."

"मग लावा की एकेक पेराला. बोट किती वाकलं ह्ये त्या यंत्रानं कशाला मोजायचं? अंगठा कुटं टेकला येवढंच विचारा त्याला."

"पण अंगठा टेकला हे कळणार कसं?"

कमरबीने शिलाईच्या डब्यात हात घातला आणि टिचबटणांचा पत्ता बाहेर काढला. ब्लाउजला लावतात ती, धातूची. "ह्येच्यातनं वीज जाती का?"

जाते. टिचबटणाचे दोन भाग एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून कमरबीने फक्त सपाट भाग घेतले. बारा पेरांवर बारा, अंगठ्याच्या टोकाला एक. जयाने प्रत्येकाला केसाएवढी तांब्याची तार जोडली. पहिल्याच दिवशी बाराच्या बारा आज्ञा पोचल्या. रंभाबाईला खास बोलावून मोजा घालायला दिला. भातलावणीत रोपांच्या जुड्या पेरांवर मोजणाऱ्या त्या बाईने जराही न अडखळता पेटी उचलली, फिरवली आणि खाली ठेवली.

"संपलं?" ती टोपातून ओरडली. "मला वाटलं, काय तरी अवघड आसंल!"

ऑक्टोबरमध्ये कळलं की बारा नोव्हेंबरला दिल्लीहून समिती येणार. त्या आठवड्यात साहेबांनी कमरबीला आपल्या टेबलासमोर खुर्ची दिली आणि टाइप केलेला एक कागद पुढे केला. "ही हातमोज्याच्या हक्काची नोंदणी करायची आहे, तेव्हा एक औपचारिकता. इथे सही करा. येत नसेल तर अंगठा चालेल."

कमरबी चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक शब्द वाचला. 'सदर हातमोजा संस्थेच्या आराखड्याप्रमाणे शिवून दिला असून त्यातील कोणतीही कल्पना माझी नाही.'

तिने कागद खाली ठेवला. "ह्ये खोटं हाय."

"बाई, ही कायद्याची भाषा आहे."

"आसंल. कायद्याच्या भाषेत खोटं हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, घर बांधतात तेव्हा गवंडी विटा रचतो. घरावर त्याचं नाव असतं का?"

"मी विटा न्हाई रचल्या, साहेब. दार कुटं ठेवायचं त्ये मी सांगितलं. तुमी दोन महिनं भितीला डोकं आपटत हुता."

कोपऱ्यात जया खाली मान घालून बसली होती. साहेबांचा आवाज चढला. "सही नसेल तर मग शिवणकामही नको. पुण्यात टेलर खंडीभर आहेत."

"हायेत की. बलवा." कमरबी उठली. दाराशी जाऊन वळली. "ह्यी पेरं माज्या नवऱ्यानं मला शिकिवली. त्याच्या मागं त्याचं नाव सांगणारं येवढंच ऱ्हायलंय. त्येच 'माजं न्हाई' म्हनून लिवून दिऊ? अंगठा त्या पेरांवर टेकायसाठी हाय, साहेब. तुमच्या कागदावर टेकायसाठी न्हाई."

बातमी पौडात तिच्याआधी पोचली. संध्याकाळी अलाउद्दीन आले. "सायबाच्या तोंडाला लागलीस म्हनं. एक सही तर मागितली."

"भाईजान, पीरमहंमद तुमचा भाऊ हुता का न्हवता?"

"म्हंजी काय?"

"उद्या मी लिवून दिलं, का न्हवता म्हनून, तर चालंल? एक सहीच हाय."

अलाउद्दीन चहा न घेता गेले. रंभाबाई पलीकडून सगळं ऐकत होती. "कमरे, तू लई आडमुठी हायेस बघ," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने चार अंडी पाटावर ठेवून गेली.

बावधनच्या फेऱ्या बंद झाल्या. साहेबांनी जुना मोजा लक्ष्मी रोडवरच्या एका नामांकित टेलरला दाखवला आणि तसाच नवा, जास्त देखणा, समितीसमोर घालायला शिवून घेतला. नोव्हेंबरच्या तीन तारखेला जया एसटीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"मोजा सुंदर झालाय, मावशी. पण अंगठा करंगळीच्या मुळाशी नेला की तळव्याचं कापड गोळा होतं आणि बटण सरकतं. 'सोड' म्हटलं की 'फिरव' होतं."

"माप कसं घेतलं?"

जयाने आपला पंजा पाटावर सपाट ठेवला. कमरबीने मान हलवली. "पसरून."

"त्यांना हात पसरूनच माप घ्यायचं माहीत. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, एक नंबर लहान शिवा. तोही झाला. आता हातात जातच नाही."

"जुना हाय की माजा."

"तो साहेबांच्या हातात बसत नाही. आणि समितीसमोर मोजा ते स्वतः घालणार आहेत."

कमरबी मशीनवर बसली आणि पाय मारू लागली. "मग साहेबांना म्हनावं, माप द्यायला या. हितं."

"ते येणार नाहीत, मावशी."

"मग नगं."

पाच तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला संस्थेची जीप स्टँडसमोर थांबली. साहेब उतरले. पौडच्या बाजारपेठेत अशी माणसं तहसील कचेरीत जात, शिलाईच्या दुकानात नाही. त्यामुळे समोरच्या हॉटेलातली माणसं कप हातात धरून बाहेर आली. जया मागे उभी राहिली.

"माप घ्या," साहेब म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढे केला. पसरून.

रंभाबाई पलीकडून खुसूखुसू हसली. कमरबीने लाटणं काढून त्यांच्या हातात दिलं. "धरा. मारायला न्हाई, मापाला."

साहेबांनी लाटणं धरलं. कमरबीने मुठीवरून टेप फिरवली. मोजता मोजता तिचं बोट त्यांच्या तर्जनीवर थांबलं. तिथे एक जुना, चकचकीत डाग होता.

"ह्यो कशाचा?"

"सोल्डरिंगचा. तरुणपणीचा." आणि मग, कुणी विचारलं नसताना, ते म्हणाले, "मुंबईला एका कारखान्यात होतो. त्यांचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ मी जुळवला. संबंध सर्किट माझं होतं."

"त्याच्यावर नाव कुनाचं घातलं?"

एक एसटी आली, माणसं उतरली, गेली.

"मालकाचं," ते म्हणाले.

"मंग तुमाला ठावं हाय की," कमरबी म्हणाली आणि टेप पुढच्या बोटावर नेली. अंगठा आपल्या पेरावर टेकवून तिने आकडा मनात म्हटला.

सगळी मापं झाली. साहेबांनी पिशवीतून तोच टाइप केलेला कागद काढला, शेवटच्या वाक्यावर पेनाने आडवी रेघ मारली आणि कागद पाटावर ठेवला. "काय लिहू, सांगा."

"तुमी नगा लिवू. मी लिवते."

तिने पेन घेतलं. चौथी सोडून चाळीस वर्षं झाली होती. अक्षर मोठं आणि तिरकं आलं, पण आलं. 'पेरावर बटन लावायची युगती आनि लाटन्यावरचं माप माजं हाय. मला माजा नवरा पीरमहंमद इमाम मुलानी यानं शिकिवलं. कमरबी पीरमहंमद मुलानी, पौड.' मग तिने पेन साहेबांच्या पुढे धरलं. "तुमची खाली."

साहेबांनी सही केली आणि तारीख घातली. पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "झालं आता?"

"न्हाई," कमरबी म्हणाली. "कार्बन घालायचा ऱ्हायला."

"काय?"

"ह्यो कागद तुमच्याकडं जाणार. माज्याकडं काय? जया, समोरच्या कचेरीतनं कार्बन आन. परत लिवते."

साहेबांनी हताशपणे रंभाबाईकडे बघितलं. "माज्याकडं नगा बघू, साहेब," ती म्हणाली. "मला बी आंडी मोजून दोनदा द्याय लागत्यात हिला."

जया धावत गेली आणि निळा कार्बन घेऊन आली. कमरबीने सगळं पुन्हा, पहिल्या अक्षरापासून, तितक्याच सावकाश लिहिलं. साहेब उन्हात उभे राहिले. दुसऱ्यांदा सही करताना त्यांनी आपण होऊन कागदाचा कोपरा दाबून धरला, कार्बन हलू नये म्हणून.

बारा तारखेच्या सकाळी मोजा बावधनला पोचला. समितीसमोर साहेबांनी पेटी उचलली, फिरवली, ठेवली. समितीतल्या एकाने विचारलं की बटणं बोटांच्या टोकांना न लावता पेरांवर का लावली. जया नंतर पौडला येऊन सांगत होती की साहेबांनी फाइलमधून तो तिरक्या अक्षराचा कागद काढला आणि त्या गृहस्थांच्या पुढे सरकवला.

संस्था त्यानंतर दोन वर्षं चालली. मग दिल्लीहून पैसा यायचा थांबला. टोप कुठे गेला कुणाला माहीत नाही, आणि हक्काच्या नोंदणीचं पुढे काय झालं हेही कधी कळलं नाही. जया बंगलोरला गेली. दर ईदला तिचं पत्र येई. शेडमध्ये काही दिवस कोंबड्यांचं खाद्य साठवलं होतं, असं रंभाबाई सांगे.

कमरबीचं दुकान चालूच राहिलं. खिळ्यावर लाटणं होतं, आणि त्याच्या शेजारी आता काचेच्या चौकटीत एक कागद होता. निळी कार्बनची अक्षरं, खाली सही, तारीख ५ नोव्हेंबर १९८७. मापाला आलेला एखादा पोरगेला वायरमन लाटणं मुठीत धरून मान वाकडी करी आणि विचारी, "चाची, ह्ये कसलं सर्टिफिकीट?"

कमरबी टेप फिरवत राही. अंगठा पेरावर असताना ती बोलत नसे. आकडा पक्का झाला की म्हणे, "वाच की. चौथी तर झाला आसशील."